फुगा की शस्त्रक्रिया?

धर्मग्रामात काम करणाऱ्या पुरोहिताकडे लोक कोणकोणते प्रश्न घेऊन येतात ह्याची गणती करू लागल्यास वाचकांस हसू येईल. बांधाचे भांडण, मुलीचे स्थळ, बँकेतून आलेला न समजणारा कागद, आणि अलीकडे ह्या सर्वांच्या जोडीला अँजिओग्राफीचा अहवाल! सायंकाळची प्रार्थना आटोपून मी ओसरीवर येतो तो कोणीतरी इस्पितळाची मोठी पिशवी मांडीवर घेऊन बसलेला असतो. "फादर, तुम्ही शिकलेले. एवढे वाचून बघा, आणि सांगा, फुगा घालावा की बायपास करावा?"

मी वैद्य नव्हे. सेमिनरीत आम्हांला तत्त्वज्ञान शिकविले, ईशज्ञान शिकविले, थोडीफार लॅटिनही शिकविली; रक्तवाहिन्यांविषयी तेथे कोणी अवाक्षर काढले नाही. तथापि गेल्या दहा-बारा वर्षांत इतक्या कुटुंबांसमवेत इस्पितळांच्या बाकांवर बसण्याचा प्रसंग आला, आणि ओळखीच्या डॉक्टरांना मी इतके प्रश्न विचारून सतावले, की ह्या विषयाची थोडी समज आली आहे. कोणी कोणता उपाय करून घ्यावा हे सांगण्याचा मला अधिकार नाही. डॉक्टरांपुढे बसल्यावर काय विचारावे, एवढे मात्र सांगता येईल, आणि त्यासाठीच हा लेख.

प्रथम एक गोष्ट. हा प्रश्न विचारणाऱ्याच्या स्वरातच बहुधा उत्तर दडलेले असते. फुगा म्हणजे नवा उपाय, मनगटातून बारीक नळी, दोन दिवसांत घरी. बायपास म्हणजे जुना उपाय, छाती उघडणे, आणि जवळजवळ मरणाच्या दारातून परत येणे. तेव्हा फुगा निघाल्यावर शस्त्रक्रियेचे काम संपले, आता जो तिच्या वाट्याला जातो तो केवळ दुर्दैवी, असे पुष्कळांना वाटते. ही समजूत बरोबर नाही. एक उपाय दुसऱ्याची सुधारलेली आवृत्ती नव्हे. दोहोंचे काम मुळातच वेगळे आहे.

हृदय अहोरात्र सर्व शरीराला रक्त पुरविते. परंतु स्वतःच्या जाड मांसाला लागणारे रक्त त्याला आपल्या पोकळीतून मिळत नाही. त्यासाठी महाधमनीच्या अगदी मुळाशी दोन वाहिन्या फुटतात, एक डावी आणि एक उजवी. डावीचे आखूड खोड लगेच दुभंगते व तिच्या दोन मोठ्या शाखा होतात. म्हणून डॉक्टर 'तीन वाहिन्या' असे म्हणतात. ह्या वाहिन्या हृदयाला वरून वेढून बसतात, म्हणून त्यांना मुकुट ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून कोरोनरी हे नाव पडले. (लॅटिनचा एवढा तरी उपयोग झाला!) इतका मोठा मुकुट, पण त्याची जाडी किती? मुळाशी ३-४ मिलिमीटर, म्हणजे पेंढ्याच्या काडीएवढी. वाहिनीच्या अस्तराखाली चरबी, पेशी आणि चुना ह्यांचा थर वर्षानुवर्षे साचत जातो व वाट चिंचोळी होते. हा थर भिंतीच्या आत असतो. घरातल्या नळात बसलेल्या गाळासारखा तो पाण्याने धुऊन निघत नाही, आणि लसूण-लिंबाच्या काढ्यानेही विरघळत नाही, मग तो काढा कितीही मोठ्या मनाने पाजलेला असो.

आता आपल्या शेतकऱ्यांना समजेल असे उदाहरण घेऊ. डोंगरातल्या झऱ्यापासून तुमच्या भाताच्या खाचरापर्यंत पाट आला आहे. पाटात एके ठिकाणी दरड कोसळून पाणी अडले. तुम्ही काय कराल? तेथेच जाऊन माती बाजूला साराल, कड पुन्हा ढासळू नये म्हणून लाकडाचा आधार द्याल, आणि पाणी सोडाल. हा झाला फुगा आणि त्यामागून बसविलेली धातूची जाळी, जिला स्टेंट म्हणतात. परंतु पाटाचा वरचा सगळा पट्टाच ढासळत चालला असेल, आज तीन ठिकाणी तर पुढच्या पावसाळ्यात आणखी दोन ठिकाणी, तर शहाणा शेतकरी त्या पट्ट्याचा नाद सोडतो. तो वरून नवा पाट खणून खराब भागाच्या खालच्या बाजूस जुन्या पाटाला नेऊन जोडतो. पुढे वरचा पट्टा आणखी कोसळला तरी खाचर ओले राहते. हाच बायपास. स्टेंट आज दिसणारी अडचण दूर करतो. बायपास उद्या त्याच पट्ट्यात येणाऱ्या अडचणीचीही तरतूद करून ठेवतो. माझ्या मते सर्व वादाचे मर्म ह्या एका वाक्यात आहे, आणि हेच कोणी समजावून सांगत नाही.

बायपासची पद्धत ज्याच्या नावाने ओळखली जाते त्या डॉक्टरची हकिगत खेड्यातल्या वाचकांनी ऐकावी अशी आहे. रेने फावालोरो हा अर्जेंटिना देशाचा. १९५० साली हासिन्तो अराउस नावाच्या लहानशा गावचा डॉक्टर आजारी पडला, म्हणून हा तरुण दोन-तीन महिन्यांसाठी त्याच्या जागी गेला, आणि १२ वर्षे तेथेच राहिला. गावात शस्त्रक्रियेची सोय नव्हती. त्याने ती उभारली. रक्तपेढी नव्हती, तेव्हा कोणत्या गावकऱ्याचा रक्तगट कोणता हे पाहून त्याने गावालाच चालतीबोलती रक्तपेढी बनविले. सुइणींना स्वच्छतेचे धडे दिले. मग १९६२ साली, चाळिशीला टेकलेला हा खेड्यातला डॉक्टर पुन्हा विद्यार्थी होऊन अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे गेला. तेथे मेसन सोन्स ह्या डॉक्टरने १९५८ साली नळीतून रंगद्रव्य सोडून हृदयाच्या वाहिन्यांचे चित्र घेण्याची युक्ती हाती लावली होती. फावालोरो दिवसचे दिवस ती चित्रे पाहत बसे. १९६७ च्या मे महिन्यात त्याने ५१ वर्षांच्या एका स्त्रीच्या पायातील नीला काढून तिच्या बंद पडलेल्या वाहिनीला पर्यायी वाट करून दिली. त्याच्या आधी, १९६४ साली, लेनिनग्राड येथे कोलेसोव्ह ह्यांनी छातीच्या आतल्या बाजूची धमनी हृदयाला जोडली होती. परंतु जगभर ही शस्त्रक्रिया पसरली ती फावालोरोच्या कामामुळे. १९७१ साली तो मायदेशी परतला. आपल्या देशात पहिली बायपास शस्त्रक्रिया १९७५ साली मद्रासमधील पेरांबूरच्या रेल्वे इस्पितळात झाली.

नळीची कथा थोडक्यात सांगतो. १९६४ साली अमेरिकेत चार्ल्स डॉटर ह्यांच्यापुढे ८२ वर्षांची एक म्हातारी आली. तिचे पाऊल सडू लागले होते आणि पाय कापून घेण्यास तिने साफ नकार दिला होता. डॉटर ह्यांनी मांडीच्या धमनीतून नळ्या सारून वाट रुंद केली, पाय वाचला, आणि म्हातारी आपल्या पायांनी चालू लागली. हीच कल्पना उचलून आंद्रेआस ग्रुंट्झिग ह्या जर्मन डॉक्टरने झुरिक येथे स्वतःच्या स्वयंपाकघरातील मेजावर बारीक फुगे तयार केले, आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी ३८ वर्षांच्या एका रुग्णाच्या हृदयाच्या वाहिनीत पहिला फुगा फुगविला. त्या वेळी शस्त्रवैद्य तयारीत उभे होते. दहा वर्षांनी तपासले तेव्हा त्या रुग्णाची वाहिनी उघडीच होती. ग्रुंट्झिग मात्र १९८५ साली विमान अपघातात वारला होता. आपली पद्धत थोड्याच रुग्णांना लागू पडेल असे तो स्वतः म्हणत असे. नुसत्या फुग्याने रुंद केलेली वाट साधारण तिघांपैकी एकाच्या बाबतीत काही महिन्यांत पुन्हा अरुंद होई. १९८६ साली स्टेंट आला, आणि २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत औषधाचा लेप असलेले स्टेंट आले, तेव्हा हा दोष पुष्कळच कमी झाला.

आता कोणता उपाय केव्हा? येथे वाचकांनी एक भेद मनात पक्का ठेवावा. हृदयाचा झटका ही एक गोष्ट, आणि चढ चढताना छाती भरून येणे ही दुसरी.

झटक्यात वाहिनीतील थर अकस्मात फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी बसते, आणि पुढचे मांस मिनिटामिनिटाने मरू लागते. येथे वादाला जागाच नाही. तज्ज्ञ आणि साधने असलेले इस्पितळ वेळेत गाठता येत असेल तर नळी व फुगा हाच उत्तम उपाय. ते लांब असेल तर गुठळी विरघळविणारे इंजेक्शन जवळच्या इस्पितळात ताबडतोब घ्यावे, आणि मग पुढे जावे. गोव्यात २०१८ पासून लहान सरकारी इस्पितळांतून हृदयाचा आलेख तज्ज्ञांकडे पाठवून तेथल्या तेथे असे इंजेक्शन देण्याची व्यवस्था सुरू झाली, ती ह्याच कारणासाठी. आमच्या खानापूरकडील रानपट्ट्यातून बेळगाव गाठायचे म्हणजे पावसाळ्यात किती वेळ लागतो हे मी सांगायला नको. आणि त्यातही निम्मा वेळ घरातच जातो! छातीत दडपण, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ, दरदरून घाम, आणि घरचे म्हणतात, "वायू धरला असेल, ओवा चघळा." स्त्रियांना व मधुमेह असलेल्यांना तर कित्येकदा छातीत दुखतही नाही, नुसती धाप लागते, पोटाच्या वरच्या भागात जळजळते. ओवा जरूर चघळा, पण गाडीत बसून.

दुसरा प्रकार निराळा. दुखणे काही महिन्यांचे आहे, चढावर छाती दाटते, थांबले की बरे वाटते. येथे घाई नाही, आणि नेमकी येथेच घाई केली जाते. एका कुटुंबासमवेत मी एका इस्पितळात बसलो होतो. नाव सांगण्याचे कारण नाही. रुग्ण असाच जुन्या दुखण्याचा. आत अँजिओग्राफी चाललेली. दार उघडून एकाने सांगितले, "९० टक्के ब्लॉक आहे, रुग्ण टेबलावरच आहे, स्टेंट घालायचा तर दहा मिनिटांत सही करा." त्या माउलीचे हात कापू लागले. ९० टक्के म्हणजे आता दहाच टक्के आयुष्य उरले, असे तिला वाटले असावे. पण हा आकडा म्हणजे मरणाचे घड्याळ नव्हे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत ३७ देशांतील ५,१७९ रुग्ण होते, सर्व अशाच स्थिर दुखण्याचे. निम्म्यांना औषधांबरोबर स्टेंट वा बायपास, आणि निम्म्यांना आधी केवळ उत्तम औषधे असे ठरविले. तीन वर्षांहून अधिक काळ लक्ष ठेवले, तरी मृत्यूंच्या प्रमाणात फरक आढळला नाही. ज्यांची छाती वरचेवर दुखत होती त्यांना मात्र स्टेंट वा बायपासने अधिक आराम पडला. डाव्या खोडातच अडथळा असलेले आणि हृदय फार दुबळे झालेले रुग्ण त्या पाहणीत नव्हते, हेही सांगितले पाहिजे. त्यांची गोष्ट वेगळी. तरी एवढे खरे, की झटका नसेल तर त्या दारात उभे राहून सही करण्याचे बंधन कोणावर नाही. "चित्र घ्या, रुग्णाला बाहेर आणा, आम्ही उद्या बोलू," असे म्हणण्याचा प्रत्येकाला हक्क आहे.

ज्यांच्या एकाच वाहिनीत, सोप्या जागी अडथळा आहे आणि औषधांनी दुखणे थांबत नाही, त्यांच्यासाठी स्टेंट पुरेसा होतो. त्यावर अधिक लिहिण्यासारखे नाही. पेच पडतो तो तिन्ही वाहिन्या बिघडलेल्यांच्या बाबतीत, आणि त्यातही मधुमेह असल्यास. आपल्या घराघरांत मधुमेह शिरला आहे, म्हणून हे आकडे देतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेह असलेले, एकाहून अधिक वाहिन्या बिघडलेले १,९०० रुग्ण घेतले होते. पाच वर्षांत स्टेंट घातलेल्यांपैकी शेकडा सुमारे १६ दगावले, बायपास केलेल्यांपैकी सुमारे ११. उलट बाजूही पाहा: मेंदूचा झटका, ज्याने अर्धांग जाते, तो बायपासवाल्यांत शेकडा ५ जणांना आला, स्टेंटवाल्यांत २ ते ३ जणांना. म्हणजे शस्त्रक्रिया आपली किंमत वसूल करते, परंतु मोबदल्यात वर्षे देते. डाव्या खोडातील अडथळा एकटा आणि साधा असेल तर दोन्ही उपाय जवळजवळ तोलाचे ठरतात. गुंतागुंत वाढत जाते तसे पारडे शस्त्रक्रियेकडे झुकते.

ही किंमत लपवून ठेवू नये. छातीचे मधले हाड कापावे लागते, ते जुळून यायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि जड ओझे तीन महिने उचलायचे नाही. लावणीच्या तोंडावर ज्याचे ऑपरेशन होते त्याच्या घरचे ते वर्ष कसे जाते हे मी पाहिले आहे. म्हणून दुखणे स्थिर असेल तर डॉक्टरांना विचारून हंगाम पाहावा, ह्यात गैर काही नाही. चांगल्या इस्पितळात, आधी ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत शंभरांपैकी एक-दोन रुग्ण दगावतात. वय फार असेल, मूत्रपिंडे वा फुप्फुसे निकामी होत असतील तर हा धोका पुष्कळ वाढतो. आमच्या धर्मग्रामातील ७८ वर्षांच्या एका विधवा आजींना शस्त्रवैद्यांनीच हात जोडले, "बाई, तुमचे शरीर हे सोसणार नाही." मग तीनपैकी मुख्य वाहिनीत स्टेंट बसविला आणि बाकीचे औषधांवर सोडले. आजी आता लाठी टेकीत मिस्सेला येतात आणि माझे प्रवचन लांबले तर तसे तोंडावर सांगतात. नळी नसती तर त्यांना दुसरा मार्गच नव्हता.

बायपास करणाऱ्यांनी एक प्रश्न अवश्य विचारावा: छातीतली धमनी वापरणार ना? पायातून काढलेल्या नीलांपैकी निम्म्याच्या आसपास दहा वर्षांत बंद पडतात. छातीच्या आतल्या बाजूची धमनी मात्र दहा वर्षांनंतरही शंभरांपैकी नव्वदांहून अधिक रुग्णांत वाहत राहते. डॉक्टर हे बहुधा आपण होऊनच करतात, पण विचारल्याने बिघडत नाही.

स्टेंट घातलेल्यांना माझे सांगणे गोळ्यांविषयी आहे. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दोन गोळ्या दिलेल्या असतात, त्या सहा महिने ते वर्षभर, आणि त्यांतली एक बहुधा जन्मभर. नवी जाळी म्हणजे रक्ताच्या दृष्टीने परकी वस्तू. तिच्यावर अस्तर धरेपर्यंत गोळ्या थांबविल्या तर एखाद्या रात्री सबंध स्टेंट गुठळीने भरून जातो. गेल्या उपवासकाळात एक सद्‌गृहस्थ मोठ्या भक्तिभावाने मला सांगू लागले, "फादर, चाळीस दिवस सगळे सोडले आहे, गोळ्यासुद्धा." मी त्यांना त्याच पावली घरी पाठविले आणि गोळी घेऊन परत या म्हणालो. औषधाने उपवास मोडत नाही, आणि आजाऱ्यावर उपवासाचे बंधनही नाही. दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारावे, मगच गोळी थांबवावी.

पैशाविषयी दोन शब्द. २०१७ च्या फेब्रुवारीत सरकारने स्टेंटच्या किमतीला मर्यादा घातली: साधा ७,२६० रुपये, औषधाचा लेप असलेला २९,६०० रुपये. त्याआधी एकेका स्टेंटला लाखाहून अधिक मोजलेली माणसे आपल्यात आहेत. हे आकडे पुढे थोडेफार बदलले, मर्यादा राहिली. तथापि स्टेंटची किंमत हा बिलाचा एक भाग. बाकीचा आकडा आधी लेखी मागावा. २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात, त्यात हे दोन्ही उपाय बसतात. इस्पितळ त्या योजनेत आहे की नाही हे जमीन गहाण टाकण्यापूर्वी विचारावे, नंतर नव्हे.

आता एका सुतारकाम करणाऱ्या कुटुंबाची हकिगत. बाप ६१ वर्षांचा, मधुमेह पंधरा वर्षांचा, तिन्ही वाहिन्यांत अडथळे, आणि तोंडात तंबाखू. एका इस्पितळाने बायपास सांगितले, दुसऱ्याने तीन-चार स्टेंट. थोरला मुलगा म्हणे, "बाबांची छाती फाडू देणार नाही." बाप काही म्हणेना. मी त्यांच्यासमवेत पहिल्या इस्पितळात गेलो. मुलाने कागदावर लिहून आणलेले प्रश्न वाचले: अडथळे किती व कोठे आहेत, हृदयाचे बळ किती उरले आहे, काहीच न करता औषधे घेतली तर काय होईल, स्टेंट घातले तर सगळे अडथळे सुटतील की काही तसेच राहतील, आणि हेच कागद हृदयतज्ज्ञ व शस्त्रवैद्य दोघांनी एकत्र बसून पाहिले आहेत काय? शेवटचा प्रश्न ऐकून डॉक्टर रागावतील अशी मला धास्ती होती. ते रागावले नाहीत. त्यांनी शस्त्रवैद्यांना खोलीत बोलावून घेतले, पडद्यावर चित्र लावले, आणि दोघांनी मिळून दाखविले की दोन अडथळे लांबलचक व चुन्याने कडक झालेले आहेत, तेथे स्टेंट नीट बसणार नाही. मधुमेहाचे कारणही सांगितले. मग इतका वेळ गप्प बसलेल्या बापाने एकच विचारले, "माझे हृदय बंद करणार काय?" शस्त्रवैद्य म्हणाले, "तुमचे काम चालत्या हृदयावरच करू." तेवढ्यावर म्हातारा उठून उभा राहिला आणि मुलाला म्हणाला, "सही कर."

ह्याला चार वर्षे झाली. तंबाखू सुटली, साखर अजून हट्टाने वर-खाली होते आणि गोळ्यांचा डबा त्याची बायको सांभाळते. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी त्याने रंधा पुन्हा हाती घेतला. जड फळ्या मात्र मुलगाच उचलतो, आणि त्यावरून दोघांची रोज कुरबूर चालते.